गुण बघायचा अर्ज

भुंगा मेंढरं कातरायला बसला की तोंडानं सारखी गुणगुण चालायची, म्हणून त्याला भुंगा म्हणत. त्या गुणगुणीला सूर नव्हता की ताल नव्हता, पण ती कानात शिरली की मेंढरू डोळे मिटायचं, चारी पाय सैल सोडायचं आणि कातरून झालं तरी उठायचं नाव घ्यायचं नाही. एका वर्षी मेंढरू धरून उभा असलेला मेंढपाळच उभ्या उभ्या झोपला आणि भुंग्यानं गुणगुणत त्याच्या लोकरी कोटाची एक बाही उतरवली, असं गाव सांगतं. भुंगा म्हणतो, गाव कमी सांगतं. दोन्ही उतरवल्या होत्या.

त्या वर्षीच्या कातरणीचा तिसरा दिवस होता. ऊन तापायच्या आत दहा मेंढरं उरकायला हवीत म्हणून भुंगा उजाडताच मेंढरांच्या वाडग्यात उतरला होता. गुडघ्यांत मेंढरू, डाव्या हातानं त्याची कातडी ताणलेली, उजव्या हातात कातर. बायको बाजूला पोत्यावर बसून उतरलेल्या लोकरीतले काटे, कुसळं, वाळक्या लेंड्या वेचत होती. लोकरीच्या तेलानं दोघांचे हात कोपरापर्यंत चकचकीत झालेले. एवढ्यात त्यांची आठ वर्षांची लेक, मुंगी, शाळेतून परत आली. घरून निघून तिला पंधरा मिनिटंही झाली नव्हती.

“सुट्टी आहे का?” आईनं विचारलं.

“नाही. दाराला कागद लावलाय. शाळा बंद होणार म्हणे.”

“म्हणे म्हणजे? कोण म्हणे?”

“कागदच म्हणे.”

अर्ध्या कातरलेल्या मेंढराला तसंच सोडून तिघं शाळेकडं गेली. दारापुढं सात-आठ माणसं मान वर करून उभी होती. कुणाला चष्मा आणायला वेळ झाला नव्हता, कुणाला चष्म्यानंही वाचता येत नव्हतं. शेवटी मुंगीलाच एका दगडावर उभं केलं. तिनं वरपासून खालपर्यंत अख्खा कागद न अडखळता वाचला. गणिताच्या सरकारी परीक्षेत या शाळेची सरासरी शंभरात एकतीस आली. किमान चाळीस हवी. सबब उन्हाळा संपताच शाळा बंद करून तिचं विलीनीकरण करण्यात येईल.

“विलीनीकरण म्हणजे काय गं?” आईनं विचारलं.

“म्हणजे आपण खिंडीपलीकडच्या शाळेत चालत जायचं.”

खिंड म्हणजे दोन तासांची वाट. तिथला वारा असा, की समोरून येणारा माणूस काय बोलला ते तो घरी पोचून जेवायला बसला की मग आपल्याला ऐकू यायचं. मोठी माणसं खिशात दगड भरून ती खिंड ओलांडायची. मुंगीनं किती दगड भरायचे? तिच्या झग्याला खिसाही एकच होता.

परत वाडग्यात आल्यावर बायकोनं बराच वेळ लोकरीला हात लावला नाही. मग म्हणाली, “ही काही खिंड ओलांडून जात नाही. आणि नाही गेली की घरी बसेल. माझ्यासारखी, कुसळं वेचत.”

भुंगा गुणगुणायचं विसरला, त्यामुळं मेंढरू जागं झालं आणि त्यानं त्याच्या मांडीवर लाथ घातली.

दुपारी तो मास्तरांकडं गेला. सत्तावीस वर्षं मास्तर त्या एका खोलीत शिकवत होते. भुंग्यालाही त्यांनीच शिकवलं होतं, तिसरीपर्यंत. पुढं कातर हातात आली आणि पाटी सुटली. मास्तर खुर्चीवर उभे राहून भिंतीवरचे नकाशे उतरवत होते.

“आत्तापासून कशाला, मास्तर?”

“सवय झालेली बरी.” त्यांनी वळून पाहिलं नाही. “एकतीस. मुलांचा दोष नाही, भुंग्या. माझ्याच शिकवण्यात खोट असणार. तुलासुद्धा भागाकार कुठं आला?”

“मला नाहीच आला. पण तुम्ही शिकवला होता तर,” भुंगा म्हणाला. गुरूचं सांत्वन करण्याची त्याची ताकद एवढीच होती.

तिथून तो न्हाव्याच्या दुकानात गेला. दुकानात एक खुर्ची, एक तडकलेला आरसा आणि गिऱ्हाइकांनी विसरलेल्या जुन्या वर्तमानपत्रांची चळत. न्हावी सगळी वाचायचा, त्यामुळं जगात काय चाललंय ते त्याला सगळं ठाऊक असायचं, फक्त चार महिने उशिरा.

“ये, धंदेभाऊ,” न्हावी म्हणाला. “तू चार पायांचे कातरतोस, मी दोन पायांचे. तुझं बरंय, तुझी गिऱ्हाइकं राजकारण बोलत नाहीत.”

“एकतीस कसे आले, मला कळत नाही,” भुंगा म्हणाला. “परीक्षेचा कागद कुणी बघितलाय का?”

“मग बघ की. कायदा आहे. सरकारच्या कपाटातला कागद कुणीही बघायला मागू शकतो. मी वाचलंय.” न्हाव्यानं वस्तरा हवेत थांबवला. “आणि ऐक. कशाला हवाय असं विचारलं तर सांगायचं नाही. कायद्यात लिहिलंय, कारण सांगायची गरज नाही. एकदा कारण सांगितलंस की तू गेलास.”

अर्ज भुंग्यानं स्वतःच्या हातानं लिहिला. हात तीनदा राखेनं घासले, पण कातरणीच्या दिवसांत लोकरीचं तेल कातडीच्या आत मुरलेलं असतं; ते काही निघालं नाही.

दुसऱ्या दिवशी कातरणी बुडवून तो मोटारीनं कचेरीच्या गावी गेला. कचेरीत लांबलचक टेबलामागं दप्तर सांभाळणाऱ्या बाई बसल्या होत्या. त्यांनी अर्ज दोन बोटांनी कोपऱ्याला धरला आणि उजेडात धरून पाहिला. कागदातून आरपार खिडकी दिसत होती.

“अहो, हा कागद तळून आणलाय का?”

“नाही, बाई. कातरणी चालू आहे.”

“कशासाठी हवेत गुण?”

“कारण सांगायची गरज नाही,” भुंगा म्हणाला.

“बरं. गाव कुठलं?”

“कारण सांगायची गरज नाही.”

“गाव सांगायला काय कारण लागतं?” बाई चष्म्यावरून बघायला लागल्या. “अहो, घाम आलाय तुम्हाला. पाणी देऊ का?”

“कारण सांगायची—” भुंगा थांबला. “द्या, पाणी द्या.”

मागच्या टेबलावरचे दोघे खो खो हसले. एकानं नाकाला रुमाल लावून दाखवला. भुंग्याला स्वतःच्या अंगाचा मेंढराचा वास पहिल्यांदाच आला. घरी तो कधी येत नसे. त्यानं पाणी प्यायलं, पेल्यावर उमटलेली आपली पाच बोटं शर्टानं पुसली, त्यामुळं ती आणखी पसरली, आणि पोच घेऊन तो बाहेर पडला.

नऊ दिवसांनी उत्तर आलं. मुंगीनं वाचलं. शाळेच्या पटावर चौदाच मुलं आहेत. एवढ्या थोड्या मुलांत नावं झाकली तरी कुणाचे किती ते गावाला ओळखू येईल. मुलांच्या खासगी गोष्टी जपणं कायद्यानं बंधनकारक आहे. सबब अर्ज नामंजूर.

“झालं,” बायको म्हणाली.

“अजून आहे,” मुंगी म्हणाली. “खाली बारीक लिहिलंय. ‘मात्र सर्व चौदा मुलांच्या पालकांनी लेखी संमती दिल्यास कागद दाखवता येतील. अर्जदारानं नाउमेद होऊ नये.’”

“नाउमेद होऊ नये? हे सरकारी कागदात लिहितात?”

“इथं तरी लिहिलंय.”

ते शेवटचं वाक्य बाईंनी हातानं वाढवलेलं होतं. भुंग्यानं त्या अक्षरांवर अंगठा फिरवला, मग डाग पडेल म्हणून पटकन उचलला.

गावातल्या आठ घरच्या सह्या एका संध्याकाळी झाल्या. उरली सहा मुलं फिरत्या कळपवाल्यांची. ती कुटुंबं वर्षाचे पाच महिने लांबच्या कुरणांवर असायची. कातरणीच्या दिवसांत ती नदीकाठच्या माळावर उतरत, गावापासून दीड दिवसाच्या चालीवर, आणि दर वर्षी भुंगाच तिथं कातरायला जायचा. या वर्षी त्याच्या पिशवीत दोन कातरी, धार लावायचा दगड आणि संमतीचा कागद होता.

माळावर पाच दिवस काम चाललं. सकाळी दवानं लोकर जड असायची आणि कातर अडायची. दुपारी माती इतकी तापायची की मेंढरं एकमेकांच्या सावलीत डोकी खुपसायची. तिसऱ्या दिवशी भुंग्याची कंबर धरली. तो वाकलेलाच राहिला, वाकलेलाच जेवला आणि वाकलेलाच सह्या मागत राहिला. पाच जणांनी अंगठे दिले. सहावा, कळपाचा थोरला मेंढपाळ, कागदाकडं बघायलाही तयार नव्हता.

“माझ्या पोराचे गुण गावात वाजवायचे? हसायला?”

“वाजवायचे नाहीत, थोरले. बघायचे.”

“बघितलं की बोललं जातं. माझं पोर सगळ्यांत खाली असणार. पाच महिने ते माझ्यामागं फिरतं. त्याला गणित कुठून येणार?”

“खाली असेल तर असेल.”

“तुझी पोरगी वर असेल म्हणून बोलतोस.”

भुंग्यानं हातातलं मेंढरू सोडलं. ते उठलं नाही. “ऐका. कागद बघून मी उरलेली मेंढरं कातरायला इथंच येणार. आल्याबरोबर सगळ्यांसमोर आधी माझ्या मुंगीचे गुण सांगीन. असतील ते. तुमच्या पोराचे सांगायचे की नाही ते तुम्ही ठरवा.”

थोरल्यानं पहिल्यांदाच कागदाकडं पाहिलं. “सगळ्यांसमोर?”

“सगळ्यांसमोर.”

मग थोरल्यानं अंगठा पुढं केला. शाईची गरजच पडली नाही. तेलाचाच ठसा स्वच्छ उमटला. तरी सरकारी काम म्हणून वर शाई लावली.

कचेरीत या खेपेला बाईंनी त्याला आतल्या खोलीत बसवलं. धुवायला साबण दिला, पुसायला फडकं दिलं, वर हातात घालायला पांढरे सुती मोजे दिले. मोजे घातलेला भुंगा खुर्चीवर असा अवघडून बसला, जसं नुकतंच कातरलेलं मेंढरू वाऱ्यात उभं राहतं. पुढ्यात कागद आला. चौदा नावं, चौदा चौकोन.

तो बोट ठेवून वाचायला लागला. एकाहत्तर. सहासष्ट. चौसष्ट. एकसष्ट. अठ्ठावन्न. बावन्न. त्रेचाळीस. अरे, पोरं तर हुशार आहेत! मग मुंगीचं नाव आलं. एकोणीस.

त्यानं नाव पुन्हा वाचलं. तीच मुंगी. मोज्यातलं बोट त्या आकड्यावरून हलेना. एकोणीस. आणि ते माळावर, चाळीस माणसांसमोर सांगायचं.

“काय झालं?” बाईंनी विचारलं.

“काही नाही. घरचंच आहे.” त्यानं बोट खाली सरकवलं. पुढं शून्य. शून्य. शून्य. सहा शून्यं, एकाखाली एक. शेजारी नावं कळपवाल्यांच्या मुलांची.

“बाई, ही मुलं परीक्षेला नव्हतीच. ती तेव्हा कुरणावर होती.”

“कागदावर शून्यच आहे.”

“असं कसं?” भुंगा उभा राहिला. “जे मेंढरू अजून कातरलंच नाही, त्याची लोकर शून्य लिहायची का? त्याची लोकर त्याच्या अंगावर आहे. तुम्ही बघितली नाही म्हणून ते बोडकं होत नाही, बाई!”

बाई काही बोलायच्या आधी बाहेरच्या टेबलावरचे दोघे दारात येऊन उभे राहिले. या वेळी कुणी नाकाला रुमाल लावला नाही.

बाईंनी कपाट उघडलं. मास्तरांनी पाठवलेला मूळ तक्ता काढला. त्यात त्या सहा नावांपुढं शून्य नव्हतं, गैरहजरही नव्हतं. सहा चौकोन रिकामे होते.

“हे रिकामे का सोडले तुमच्या मास्तरांनी? गैरहजर लिहिलं असतं तर ही नावं सरासरीत धरलीच नसती. नियमच आहे तसा.”

भुंग्याला कारण ठाऊक होतं. सगळ्या गावाला ठाऊक होतं. साठ दिवस गैरहजर लागलं की नाव पटावरून कटतं. म्हणून कळपवाल्यांच्या मुलांपुढं मास्तर तो शब्द लिहीतच नसत. हजेरीत नाही, आणि परीक्षेत लिहिला तर हजेरीही तपासतील म्हणून परीक्षेतही नाही. सत्तावीस वर्षं ते चौकोन रिकामे राहत आले होते, कळप परत येईपर्यंत. आधी सरासरी मास्तर स्वतः काढून पाठवायचे आणि ती मुलं सोडून द्यायचे. या वर्षीपासून उत्तरपत्रिका कचेरीत तपासत होते, मास्तरांना गुण दिसतही नव्हते; बेरीज कचेरीतला संगणक करत होता, आणि त्याला रिकामा चौकोन दिसला की तो तिथं शून्य बसवत होता.

भुंग्यानं हे सगळं एका दमात सांगितलं. बाईंनी टेबलावर पेन्सिल आपटत ऐकलं. मग त्या परीक्षेचं पाकीट घेऊन आल्या आणि उत्तरपत्रिका मोजल्या. आठ. पुन्हा मोजल्या. आठच.

“आठ जणांनी परीक्षा दिली आणि आम्ही चौदानं भागलं,” त्या हळू म्हणाल्या. त्यांनी आठनं भागलं. चोपन्न पूर्णांक पंचवीस शतांश. “बसा. दुरुस्तीचा अर्ज लिहा. मी सांगते तसा.”

“बाई, माझा भागाकार कच्चा आहे.”

“भागाकार मी केलाय. तुम्ही फक्त मागणी करा.”

अर्ज लिहून झाल्यावर बाईंनी त्यावर शिक्का मारला, तक्त्याची प्रत दिली आणि त्याला दारापर्यंत पोचवायला आल्या. त्या कचेरीत दारापर्यंत कुणाला पोचवलेलं, म्हणतात, पहिल्यांदाच.

माळावर पोचल्याबरोबर थोरल्यानं सगळ्यांना गोळा केलं. या खेपेला बायको आणि मुंगीही लोकर वेचायला आल्या होत्या. भुंग्यानं घसा साफ केला. त्याला वाटलं, मुंगीला आधी बाजूला पाठवावं. पण ती समोरच लोकरीच्या ढिगावर बसली होती आणि बापाकडं टक लावून बघत होती.

“माझ्या मुंगीला,” भुंगा म्हणाला, “शंभरात एकोणीस.”

एक मेंढरू खोकलं.

“कसे काय गं एवढे कमी?” शेवटी आईनं विचारलं.

“मला येत नव्हतं,” मुंगी म्हणाली. “हातच्याचं गणित येत नाही मला.”

“मग शाळेत काय करतेस?”

“तेच शिकते. अजून आलं नाही.”

थोरला मेंढपाळ आधी हसला, मग सगळा माळ हसला, आणि त्या हसण्यात टोचण्यासारखं काही नव्हतं. “बरोबर बोलली की पोर,” तो म्हणाला. “सांग भुंग्या, आता माझ्या पोराचे. सगळ्यांसमोर सांग.”

भुंग्यानं शून्यांची सगळी हकिगत सांगितली. थोरल्याचा चेहरा उतरला. “म्हणजे आमच्या पोरांमुळं शाळा बुडत होती?”

“तुमच्या पोरांमुळं नाही. मास्तरांनी त्यांच्या जागा राखल्या म्हणून. एक शब्द लिहिला असता तर शाळा वाचली असती आणि तुमची पोरं कटली असती. त्यांनी तो लिहिला नाही.”

थोरल्यानं डोक्याचं फडकं काढलं आणि ते हातात पिळत उभा राहिला. कातरणी संपताच तो दीड दिवस चालून गावात गेला आणि मास्तरांच्या दारात उभा राहिला. काय बोलायचं ते त्यानं वाटेत ठरवलं होतं म्हणे, पण मास्तरांना बघून विसरला. दोघं एका बाकावर बसून चहा प्यायले. मग थोरला खुर्चीवर चढला आणि उतरवलेले नकाशे पुन्हा लावायला लागला. एक उलटा लावला. मास्तरांनी तो तसाच राहू दिला.

मास्तरांना तक्त्याची प्रत दाखवली तेव्हा त्यांनी चोपन्नाकडं पाहिलंच नाही. ते एकोणिसावर बोट ठेवून म्हणाले, “हातच्याचं. उद्यापासून अर्धा तास लवकर पाठव तिला.”

महिन्याच्या आत नवा कागद आला. शाळा चालू राहील. कळपवाल्यांच्या सहा मुलांची नावं पटावर राहतील आणि त्यांची परीक्षा कळप उतरल्यावर, शाळेतच, वेगळी घेण्यात येईल. ती झालीही. थोरल्याच्या पोराला चव्वेचाळीस मिळाले. ते गुण त्यानं स्वतःच गावभर, माळभर आणि खिंडीत जाऊन वाऱ्यालासुद्धा सांगितले. गुण खासगी असतात याची त्याला आठवण करून द्यायची कुणाची छाती झाली नाही.

आता बाईंचे आभार कसे मानायचे, हा प्रश्न उरला. थोरल्यानं लोकरीचं एक पोतं पाठवलं; ते दोन दिवसांत परत आलं. नियमात बसत नाही, अशी वर चिठ्ठी. भुंगा दोनदा कचेरीच्या दारापर्यंत गेला आणि तोंडातून शब्द फुटणार नाही म्हणून माघारी आला. शेवटी बायको म्हणाली, “अहो, त्या बाईंना अर्जाचीच भाषा कळते. अर्जच करा.”

मग रीतसर अर्ज झाला. मुंगीनं लिहिला, मास्तरांनी मात्रा तपासल्या, न्हाव्यानं कायद्याचं कलम घातलं. खाली चौदा घरांच्या सह्या आणि अंगठे. मजकूर एवढाच: ‘महोदया, आमची शाळा चालू आहे. आम्ही सर्व आपले आभारी आहोत. कळावे.’

कायद्यानं प्रत्येक अर्जाला तीस दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. एकोणतिसाव्या दिवशी लिफाफा आला. वाडग्याच्या कठड्यावर बसून मुंगीनं तो वाचला. भुंगा गुडघ्यात मेंढरू धरून ऐकत होता.

‘आपला अर्ज तपासला. त्यात कोणतीही माहिती मागितल्याचं आढळलं नाही. अर्ज नामंजूर करता येत नाही, कारण नामंजूर करण्यासारखं त्यात काही नाही. सबब तो कार्यालयाच्या दप्तरी कायमस्वरूपी जतन करण्यात येत आहे. यापुढं कोणाही व्यक्तीला, मागणी केल्यास, तो पाहता येईल.’